गेर, उपरी आणि पाहुणा : यहुदी आतिथ्यधर्माचे मराठी प्रदेशातील रूप

यहुदी आतिथ्यधर्माचे विवेचन करताना अब्राहामाच्या तंबूपासून आरंभ करण्याची प्रथा आहे. मम्रे येथील राईत, दिवसाच्या ऐन उन्हाच्या वेळी, वृद्ध अब्राहाम तंबूच्या दाराशी बसला असता त्याला तीन अपरिचित पुरुष दिसतात. तो धावत सामोरा जातो, पाय धुण्यास पाणी देतो, सारेला पीठ मळावयास सांगतो आणि स्वतः वासरू निवडून आणतो. ते तिघे देवदूत होते हे त्याला पुढे कळते. तालमुदातील आचार्यांनी या कथेवरून असा निष्कर्ष काढला की, वाटसरूला घरात घेणे हे ईश्वराच्या सान्निध्यात उभे राहण्यापेक्षाही थोर कृत्य होय. या कृत्याला हिब्रूत 'हाख्नासत ओरखीम' म्हणतात. 'हाख्नासा' म्हणजे आत घेणे; आणि 'ओरेआख' हा शब्द वाट या अर्थाच्या 'ओराख' शब्दाशी संबद्ध असल्याने पाहुणा म्हणजे वाटेवरचा मनुष्य. आपल्याकडील 'अतिथी' शब्दाचा संबंध परंपरेने तिथीशी जोडला असला, तरी भटकणे या अर्थाच्या 'अत्' धातूपासून त्याची व्युत्पत्ती अधिक संभाव्य आहे. 'पाहुणा' हा प्राकृत 'पाहुण'मधून आलेला आहे. तात्पर्य, वाटेवरून येणारा आणि वाटेला लागणारा ही कल्पना दोन्हीकडे सारखीच आहे. मनुस्मृतीत तर एक रात्र राहणारा तोच अतिथी, असे मोजमापही दिलेले आहे.

परंतु यहुदी धर्मशास्त्राचा खरा भर या पाहुण्यावर नाही. त्याचा भर आहे तो 'गेर' या दुसऱ्या शब्दावर. गेर म्हणजे जो येतो आणि जात नाही, तो. त्याला गावात शेत नाही, कुळ नाही, वारसा नाही; पण तो गावातच राहतो, गावाच्या कामात राबतो, गावाच्या दुष्काळात उपाशी राहतो. अशा मनुष्याला छळू नये, त्याच्यावर प्रेम करावे, त्याला व स्वकीयाला एकच न्याय असावा, अशा आज्ञा तोरामध्ये पुन्हा पुन्हा येतात. त्या छत्तीस वेळा आल्या की शेहेचाळीस, याचा वाद तालमुदात नोंदलेला आहे. प्रत्येक वेळी कारणही बहुधा एकच दिले जाते : तुम्हीही मिसर देशात गेर होता. येथे आज्ञेचा आधार दया हा नसून स्मरण हा आहे, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. आणि ती आज्ञा भावनेवर सोडून दिलेली नाही. शेताचा कोपरा कापू नये, विसरलेली पेंढी परत आणू नये, द्राक्षमळ्यातील गळालेली फळे वेचू नयेत. हा सारा सरवा गेर, अनाथ आणि विधवा यांचा आहे, असे विधान आहे. मवाबी रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचते ती भीक म्हणून नव्हे, तर हक्क म्हणून.

आज प्रचलित असलेल्या मराठी बायबलात 'गेर'साठी अनेक ठिकाणी 'उपरी' हा शब्द योजलेला आढळतो. क्वचित 'परदेशी' असाही येतो, परंतु तो कमी प्रतीचा आहे असे म्हणावयास हरकत नाही. 'उपरी' हा मराठ्यांच्या महसुली व्यवस्थेतील नेमका शब्द आहे. गावाच्या जमिनीवर ज्याचा वंशपरंपरागत हक्क तो मिरासदार किंवा थळकरी. आणि बाहेरून येऊन ठराविक मुदतीच्या कौलाने जमीन कसणारा तो उपरी. एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखासंबंधी १८१९ साली जो अहवाल सादर केला, त्यातही ही दोन नावे जोडीने येतात. उपऱ्याला नांगर धरता येई, सारा भरता येई, पण गावच्या मानपानात त्याची बरोबरी होत नसे. म्हणजे 'उपरी' हा परदेशी नव्हे, पाहुणाही नव्हे. तो गावात राहूनही गावाचा न झालेला मनुष्य होय. हिब्रू विधिग्रंथातील गेर याहून फारसा वेगळा नाही. लक्ष्मण माने यांच्या १९८० साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनाचे 'उपरा' हे नाव याच शब्दकुळातले असून, मिरासीची पद्धत गेल्यानंतरही त्यातला काटा बोथट झाला नाही, हे त्यावरून दिसून येते.

पाहुणा आणि उपरी यांतील हे अंतर हाती धरून मराठी प्रदेशातील यहुदींचा इतिहास तपासला, तर त्यातील बऱ्याच घटनांचा उलगडा होतो. त्यासाठी दोन स्थळे विचारात घ्यावी लागतात : एक अलिबागच्या आसपासची किनारपट्टी, जेथे हा समाज शतकानुशतके उपरी म्हणून राहिला, आणि दुसरे वर्ध्याचा परिसर, जेथे विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात काही यहुदी पाहुणे म्हणून आले.

कोकणातील बेने इस्राएल समाजाची परंपरा अशी की, त्यांचे पूर्वज घेऊन येणारी नौका नवगावजवळ फुटली, सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि बुडालेल्यांची प्रेते तेथेच पुरण्यात आली. ही नौका केव्हा फुटली याचा निर्णय करण्यात पुष्कळ शाई खर्च झाली आहे. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकापर्यंत ती मागे नेणारे आहेत, पण समकालीन पुरावा कोणाहीपाशी नाही. चौदा देह किनाऱ्याला लागले आणि परशुरामाने त्यांना जिवंत केले, ही चित्पावनांची उत्पत्तिकथा याच किनाऱ्यावरची. दोन कथांतील चौदा हा आकडा योगायोगाने जुळला असेल असे वाटत नाही. कोणी कोणापासून घेतला हे मात्र ठरविण्याच्या भरीस न पडलेले बरे.

वस्तुतः या कथेतील महत्त्वाचा भाग नौकेचा नसून त्यानंतरचा आहे. किनाऱ्याला लागलेल्या या लोकांना कोकणातील गावांनी हाकलले नाही, धर्म सोडावयास लावले नाही. त्यांना जागा दिली. ती जागा तेलाच्या घाण्यापाशी होती. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ते 'शनवार तेली' झाले. यहुदी इतिहासात छळ न झालेले समाज मोजकेच आहेत आणि त्यांत बेने इस्राएलांची गणना होते, ही गोष्ट भारतीय लेखक अभिमानाने सांगतात. तो अभिमान अनाठायी नाही. परंतु मिळालेली जागा ही जातिव्यवस्थेच्या उतरंडीतील एक पायरी होती, आणि पंक्तीला बसण्याचे निमंत्रण त्या जागेबरोबर आलेले नव्हते. अर्थात निषेध एकतर्फी नव्हता. यहुद्याला स्वतःच्या आहारनियमांमुळे शेजाऱ्याच्या घरचे मांस चालणारे नव्हते. जेथे शिजलेले अन्न एका घरातून दुसऱ्या घरात जाऊ शकत नाही तेथे आतिथ्य कोरड्या शिध्याच्या रूपाने चालते. आणि शिधा देणारा माणूस पाहुण्याला उपाशी ठेवीत नसला, तरी त्याला चुलीपाशीही आणीत नाही.

या समाजाच्या नावांतही हीच कहाणी आहे. पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहीमकर, झिराडकर, राजपूरकर, अष्टमकर अशी त्यांची आडनावे कोकणातील खेड्यांवरून पडलेली आहेत. 'कर' हा प्रत्यय गावाशी नाते सांगणारा असला, तरी गावात असेपर्यंत त्याचे प्रयोजन नसते; केहीममध्ये सारेच केहीमकर. गाव सोडून मुंबईला आल्यावरच मनुष्य केहीमकर होतो. त्यामुळे ज्या नावांना मूळगावाच्या मालकीची खूण मानण्याचा मोह होतो, ती वस्तुतः स्थलांतराची खूण आहे. मात्र एवढे खरे की, मुंबईत नव्याने ओळख सांगावयाची वेळ आली तेव्हा या लोकांना स्वतःच्या खेड्याचेच नाव सांगावेसे वाटले, आणि त्यांच्या हिंदू शेजाऱ्यांनाही नेमके तेच वाटले.

बेने इस्राएलांच्या परंपरेत एका पाहुण्याची कथा मध्यवर्ती आहे. दावीद राहाबी नावाचा एक यहुदी बाहेरून कोकणात आला. हाइम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ च्या सुमारास लिहिलेल्या आणि १९३७ साली तेल अवीव येथे छापलेल्या समाजेतिहासात त्याचा काळ सुमारे इ. स. १००० मानला आहे; इतर अभ्यासक त्याला अठराव्या शतकातील कोचीनच्या राहाबी घराण्यात बसवितात. हे लोक शनिवार पाळतात, सुंता करतात, 'शमा' या प्रार्थनेचे आरंभीचे शब्द उच्चारतात, हे त्याने पाहिले. तरी त्याची खात्री पटेना. तेव्हा त्याने निरनिराळ्या जातींचे मासे आणून घरातील स्त्रियांना रांधावयास दिले. त्या स्त्रियांनी पर व खवले असलेले मासे वेगळे काढले आणि बाकीचे आपण खात नाही असे सांगितले. तेव्हा त्याने त्यांना आपले मानले. पुढे त्याने तिघांना हिब्रू शिकविले; झिराडकर, राजपूरकर व शापूरकर ही काजींची घराणी त्यांच्यापासून चालली, असे सांगतात.

ही कथा ऐतिहासिक असो वा नसो, तिची रचना विचार करण्यासारखी आहे. अब्राहामाच्या कथेत यजमान पाहुण्याला ओळखीत नाही, तरी वाढतो. येथे पाहुणाच यजमानाची परीक्षा घेतो, आणि ती परीक्षा चुलीवर होते. पुस्तक नाही, भाषा नाही, पुरोहित नाही. भांड्यात काय पडले नाही यावरून बांधव ओळखला जातो. स्त्रियांनी राखलेला धर्म पुरुषांच्या विद्येआधी प्रमाण ठरला, ही गोष्ट या कथेने सहजपणे सांगून टाकली आहे. तिचे अधिक कौतुक समाजाच्या इतिहासकारांनी केले असते तर बरे झाले असते.

दुसरा पाहुणा याहून थोर आहे, आणि त्याला या समाजाने कोकणातच आणून बसविले आहे. एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलीया प्रेषित, हा यहुदी लोकपरंपरेतील चिरंतन वाटसरू. तो भिकाऱ्याच्या वेषात दारी येतो असे मानतात. सुंतेच्या वेळी त्याच्यासाठी खुर्ची ठेवतात. वल्हांडणाच्या रात्री अनेक यहुदी घरांत त्याच्यासाठी प्याला भरून ठेवतात. बेने इस्राएलांच्या श्रद्धेनुसार तो अलिबागजवळ खंडाळे येथे प्रत्यक्ष प्रकट झाला, आणि त्याचा रथ जेथून आकाशात गेला तेथील खडकावर त्याची खूण उमटली. नवस फेडण्यासाठी लोक तेथे जातात. नवसाला, लग्नापूर्वी, नव्या घरात, प्रवासाहून सुखरूप परतल्यावर 'मलिदा' करतात : भिजविलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वेलदोडा, आणि भोवती पाच फळे. 'मलिदा' हा शब्द फारसी आहे; दर्ग्यांतही याच नावाचा नैवेद्य असतो. पोहे कोकणचे, नाव फारसी, आशीर्वाद हिब्रू, आणि पाहुणा गिलादचा. ज्या समाजाला शेजाऱ्यांच्या पंक्तीत जागा नव्हती, त्याने आपल्या ताटात सर्वांची जागा केली, असे म्हटले तर अतिशयोक्ती होईल काय?

होईल, कारण त्याच समाजाच्या घरात एक उंबरठा होता, ज्याविषयी केहीमकरांनीही मौन पाळलेले नाही. बेने इस्राएलांत 'गोरे' आणि 'काळे' असे दोन वर्ग होते. काळे म्हणजे मिश्र संबंधांतून झालेल्या संततीचे वंशज, अशी समजूत. त्यांच्याशी बेटीव्यवहार नसे, आणि भांड्यांचाही विटाळ पाळला जाई. मिसरच्या दास्याचे स्मरण दरवर्षी वल्हांडणाला करावयाचे, भुकेल्याने येऊन जेवावे असे आमंत्रण मोठ्याने वाचावयाचे, आणि घरातल्याच काहींचे भांडे वेगळे ठेवावयाचे! हे आमंत्रण मराठीतही उपलब्ध होते, कारण हग्गादाची मराठी भाषांतरासह आवृत्ती मुंबईस १८४६ साली निघाली, आणि १८७४ च्या पुणे आवृत्तीत तर बेखमीर भाकरी करणाऱ्या स्त्रिया साडी नेसलेल्या दाखविल्या आहेत. न्यायाने बोलावयाचे तर मूळ शास्त्रातही ही सीमा आहे. सुंता न झालेल्या परक्याला वल्हांडणाचे भोजन निषिद्ध आहे. आणि उत्तरकालीन आचार्यांनी 'गेर' या शब्दाचा अर्थ 'धर्मांतर करून आलेला' असा संकुचित केल्यामुळे, शेजारी राहणाऱ्या परक्यासाठी केलेल्या अनेक आज्ञा आपल्यात येऊन मिळालेल्यासाठी झाल्या. शब्दाचा अर्थ बदलला की कायद्याचा लाभधारक बदलतो, याचे याहून ठळक उदाहरण सापडणे कठीण.

अठराव्या शतकापासून बेने इस्राएल मुंबईत येऊ लागले. कंपनीच्या सैन्यातील सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी टिपूच्या कैदेतून सुटून आल्यावर १७९६ साली मांडवी भागात समाजाचे पहिले सभास्थान बांधले. त्याचे नाव 'शाआर हारहामीम', म्हणजे दयेचे द्वार. या द्वारातून पुढे आलेल्यांत बगदादचे यहुदी होते. डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास मुंबईत आले, त्या काळात बगदादींना स्वतःचे सभास्थान नव्हते. ते बेने इस्राएलांच्याच सभास्थानात प्रार्थना करीत आणि त्यांच्याच दफनभूमीत आपले मृत पुरीत. येथवर 'आत घेणे' या शब्दाचा अर्थ अक्षरशः पाळला गेला. परंतु १८३६ साली बगदादींपैकी काहींनी, दफनभूमीत दोन्ही समाजांच्या कबरींमध्ये भिंत घालू द्यावी, असा अर्ज सरकारकडे केला. कारण असे की, बेने इस्राएलांच्या चालीरीती या देशातील लोकांसारख्या आहेत. १८६१ साली भायखळ्यास ससून यांचे 'मागेन डेव्हिड' सभास्थान उभे राहिले, आणि पुढे पुढे तर बेने इस्राएल पुरुषाला प्रार्थनेसाठी आवश्यक असलेल्या दहा जणांत धरावयासही बगदादी नाखूष असत. ज्याला आसरा दिला त्यानेच यजमानाला उपरी ठरविले. शनवार तेल्याला कोकणाने एक पायरी दिली होती. बगदादीने तीच पायरी पुरावा म्हणून वापरली.

आता वर्ध्याकडे वळले पाहिजे. हा प्रदेश मिरासदारांचा नव्हे, मालगुजारांचा. वर्धा शहरही जुने नाही. १८६२ साली नागपूरपासून जिल्हा वेगळा झाल्यावर १८६६ साली पालकवाडी या खेड्याच्या जागेवर ते आखून वसविण्यात आले. त्याच्या कडेची सिंदी (मेघे), सावंगी (मेघे), बोरगाव (मेघे) ही गावे आज शहराशी जवळजवळ एकजीव झाली आहेत. त्याच जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) हून पहिली वेगळी ओळखू यावी यासाठीच तिला उपपद लागते. अशा नव्या गावात जुना कोण आणि उपरी कोण हा प्रश्न इतरत्र असतो तेवढा तीव्र राहत नाही. वर्ध्याचे सर्वांत मोठे यजमान जमनालाल बजाज हे स्वतःच राजस्थानातून दत्तक आलेले. १९२८ साली त्यांनी येथील लक्ष्मीनारायण मंदिर हरिजनांना खुले केले, आणि १९३६ साली गांधी सेगावला राहावयास गेले तेव्हा त्या गावच्या मालगुजारीतही त्यांचा वाटा होता. सेगावचे सेवाग्राम झाले ते १९४० साली.

या परिसरात आलेले यहुदी संख्येने थोडे, पण नगण्य नव्हेत. जर्मनीत नाझींची सत्ता आल्यानंतर भारतात आलेल्या बर्लिनच्या शिक्षिका मार्गारेटे श्पीगेल काही काळ वर्ध्याच्या आश्रमात होत्या; गांधींनी त्यांना 'अमला' हे नाव दिले. परंतु आतिथ्याच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण हर्मान कालेनबाख यांचे. जोहान्सबर्ग येथील या यहुदी वास्तुशिल्पज्ञाच्या घरी १९०८-०९ मध्ये गांधी राहिले होते. १९१० साली त्यांनीच आपली अकराशे एकरांची जमीन सत्याग्रहींच्या कुटुंबांसाठी दिली, आणि तेथे टॉलस्टॉय फार्म उभा राहिला. १९१४ साली ते गांधींबरोबर भारतात यावयास निघाले, पण महायुद्ध सुरू झाले आणि जर्मन प्रजाजन म्हणून त्यांना इंग्लंडमध्येच स्थानबद्ध व्हावे लागले. भारत त्यांना पाहावयास मिळाला तो १९३७ साली. १९३९ च्या आरंभी ते पुन्हा आले आणि सेगावला हिवतापाने आजारी पडले. जुन्या यजमानाची शुश्रूषा जुन्या पाहुण्याच्या झोपडीत झाली. येथे अब्राहामाच्या तंबूची आठवण व्हावी.

परंतु कालेनबाख येण्याच्या थोडेच आधी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, जर्मनीतील सभास्थानांची जाळपोळ झाल्यानंतर, याच सेगावहून गांधींनी यहुदींच्या प्रश्नावर लेख लिहिला आणि तो २६ नोव्हेंबरच्या 'हरिजन'मध्ये प्रसिद्ध झाला. यहुदींना ख्रिस्ती जगाने दिलेली वागणूक त्यांनी हिंदूंच्या अस्पृश्यतेच्या पंक्तीस बसविली, ही सहानुभूती वरवरची नव्हती. जर्मनीत जन्मलेल्या यहुद्याने जर्मनीवर आपला हक्क सांगावा, हाकलून घेण्यास नकार द्यावा, अहिंसक प्रतिकार करावा. आणि पॅलेस्टाईन अरबांचे असल्याने तेथे वस्ती करावयाची ती अरबांच्या सद्भावनेनेच, असे त्यांचे प्रतिपादन होते. मार्टिन बूबर यांनी २४ फेब्रुवारी १९३९ रोजी जेरुसलेमहून दीर्घ पत्र लिहून त्यास उत्तर दिले. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांच्या पाठीशी एक मातृभूमी होती, यहुदींच्या पाठीशी ती नाही, हा त्या उत्तरातील मर्मभेद होय. बूबर यांचे आणि त्यांचे सहकारी यहूदा माग्नेस यांचे पत्र त्याच वर्षी पुस्तिकारूपाने छापले गेले. गांधींकडून त्यांना उत्तर आले नाही.

या वादाकडे राजकारण म्हणून पाहण्याची रीत आहे. शब्दांच्या दृष्टीने पाहिल्यास असे दिसते की, गांधींच्या लेखात मनुष्याच्या दोनच अवस्था कल्पिलेल्या आहेत. तो एक तर भूमीचा मूळ रहिवासी, किंवा दुसऱ्याच्या संमतीने आलेला पाहुणा. जन्मभूमीने ज्याला मूळ रहिवासी मानण्याचे नाकारले आणि ज्याला पाहुणा म्हणूनही कोणी बोलावीत नाही, त्या तिसऱ्या मनुष्याला या विचारात जागा नाही; आणि तोरातील गेर हा नेमका तिसराच मनुष्य आहे. हे व्यंग एकट्या सेगावचे होते असे मात्र नव्हे. जुलै १९३८ मध्ये एव्हियाँ येथे बत्तीस राष्ट्रांचे प्रतिनिधी निर्वासितांचा विचार करण्यास जमले, आणि सहानुभूतीखेरीज बहुतेकांनी काही दिले नाही. त्यांच्यापाशी ना मिरासी होती ना सरवा, असे म्हणता येणार नाही. आणि संमतीचा जो मुद्दा गांधींनी उपस्थित केला, तो पॅलेस्टाईनमधील अरबांच्या बाजूने बिनतोड होता, हेही नोंदविले पाहिजे. बूबर यांना त्याची जाणीव होती. दोन्ही समाजांनी मिळून एक राज्य चालवावे, हा पक्ष त्यांनी पुढेही सोडला नाही.

१९४८ नंतर बेने इस्राएल मोठ्या संख्येने इस्राएलला जाऊ लागले. धर्माच्या दृष्टीने ते घरी परतत होते. प्रत्यक्षात त्यांना बेअरशेबा येथे १९५१ साली भेदभावाविरुद्ध धरणे धरावे लागले, आणि १९५२ साली काही कुटुंबे भारतात परत आली. त्याहून कठीण प्रसंग पुढचा. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने अशी सूचना काढली की, बेने इस्राएल व्यक्तीचा इतर यहुद्याशी विवाह नोंदण्यापूर्वी तिच्या पूर्वजांची, शक्य तितक्या मागच्या पिढ्यांपर्यंत, चौकशी करावी. कोकणातील एकान्तात घटस्फोट व विवाह यांचे नियम बरोबर पाळले गेले नसतील, मिश्र विवाह झाले असतील, ही शंका. बगदादींनी दफनभूमीत मागितलेली भिंत आता विवाहनोंदणीच्या कचेरीत उभी राहिली, आणि काळ्यांविषयी गोऱ्यांनी बाळगलेला संशय साऱ्या समाजाच्या वाट्यास आला. १९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्राएलांनी जेरुसलेममध्ये धरणे धरले. ऑगस्टमध्ये इस्राएलच्या संसदेने, हा समाज सर्व बाबतींत इतर यहुदींच्या बरोबरीचा आहे, असा ठराव केला, आणि त्यानंतर धर्मपीठाला त्या सूचनेतून बेने इस्राएलांचे नाव वगळावे लागले. या आंदोलनात कोणी पाहुणचार मागितला नव्हता. मागणी होती ती स्वकीयाला व गेराला एकच न्याय असावा या जुन्या वाक्याची. आणि ती करणाऱ्यांना आपण गेर नाही, हेही त्याच वेळी सिद्ध करावयाचे होते.

महाराष्ट्रात राहिलेल्या थोड्या यहुदींना राज्य शासनाने २०१६ साली अल्पसंख्य समाज म्हणून मान्यता दिली. दिमोना, अश्दोद, लोद येथे पेणकर व दिवेकर अजून मराठी बोलतात, आणि शुभकार्याच्या आधी मलिदा करतात. अश्दोदला समुद्र आहे, पण एलियाहूच्या रथाची खूण तेथे नाही. तिच्यासाठी त्यांना खंडाळ्यालाच यावे लागते, आणि आता ते येतात ते पर्यटकाच्या परवान्यावर.